सरळ घराण्याचं वाकडं तास

मेजर कधीच मेजर नव्हता. सैन्यात तो खेचरांच्या तुकडीत साधा शिपाई होता आणि खराखुरा मेजर त्याने उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला, तोही लांबून. पण पायात जाड तळव्याचा बूट, हातात लोखंडी ट्रंक आणि ओठावर भरघोस मिशा अशा थाटात तो गावात परतला, तेव्हा चहाच्या दुकानात कुणीतरी "या मेजर" म्हणालं आणि ते नाव कायमचं चिकटलं. सुरुवातीला तो दुरुस्ती करायचा. मग कंटाळला. फुकटची बढती कोण नाकारतो?

त्याच मिशा सदुसष्टाव्या वर्षी पणाला लागल्या, आणि त्याही त्याच्याच जिभेमुळे.

दोन वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ, दादा, गेला होता. शेत आता दादाचा मुलगा पाहत होता. पुतण्या कामसू, डोक्यानेही बरा, फक्त घाई फार. त्याने बैल विकून ट्रॅक्टर आणला आणि नांगरणीच्या आदल्या दिवशी काकापुढे येऊन उभा राहिला.

"काका, यंदा तासं सरळ काढतो."

मेजर दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "नाही."

"अहो, त्या वाकड्या तासांतून ट्रॅक्टर चालवायचा म्हणजे माझी मान मोडायची वेळ येईल."

यात खोटं काही नव्हतं. घरामागच्या मोठ्या शेतात नांगराचं तास कधी सरळ गेलंच नाही. विहिरीकडच्या बांधापासून ते नीट निघायचं, निम्म्यावर आलं की डावीकडे कलायला लागायचं आणि पलीकडच्या बांधाला विळ्याच्या पात्यासारखं जाऊन टेकायचं. एक तास नव्हे, सगळीच तासं. चाळीस वर्षं.

"ही जमीन वाकडंच तास मागते," मेजर म्हणाला. "वाकडं तास पाणी धरतं. हे माझं नाही, तुझ्या बापाचं वाक्य आहे."

"काका, जमीन ताटासारखी सपाट आहे. पाणी धरायला ते पळतंय कुठे?"

झालं. मेजरचं डोकं फिरलं. साबणाच्या फेसासकट तो वळला. "अर्धं शेत तू तुझ्या पद्धतीने नांगर, अर्धं आमच्या. तुझ्या अर्ध्यात एक पोतं जरी गहू जास्त निघाला, तर या मिशा उतरवून तुझ्या हातात देतो."

"मिशा घेऊन मी काय करू?"

"ट्रॅक्टर झाडायला घे."

पुतण्या हसला, पण मेजर हसला नाही. मिशांचं त्याला काही वाटत नव्हतं. त्या पुन्हा आल्या असत्या. त्याला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. जमिनीला जर वाकडं तास लागतच नसेल, तर मग चाळीस वर्षं दादा आणि आपण त्या शेतात केलं काय? या प्रश्नाच्या जवळ गेलं की तो लगेच दुसरं काहीतरी काम काढायचा.

कारण हे घराणंच सरळ तासाचं. आजोबांनी त्या शेतातले दगड वेचले. कोपऱ्यातला तो पुरुषभर उंचीचा दगडांचा ढीग म्हणजे आजोबांची सगळी जवानी. वडिलांनी दगड नसलेल्या त्या जमिनीत नांगरणीची कला केली. त्यांची रीत ठरलेली होती. पलीकडच्या बांधावर काठी रोवायची, तिला पांढरं फडकं बांधायचं आणि इकडच्या बांधावरून निघायचं. "डोळा फडक्यावर, बैल डोळ्यामागे, नांगर बैलामागे आणि अक्कल सगळ्यांच्या पुढे," असं ते म्हणत. वर्षाचं पहिलं तास घरातला थोरला माणूसच काढायचा, कारण बाकीची सगळी तासं त्याच्या कुशीला लागून जातात. पहिलं चुकलं की वर्ष चुकलं. पंचक्रोशीत एखाद्याच्या सचोटीची ग्वाही द्यायची झाली तर लोक म्हणत, त्यांच्या तासासारखा सरळ माणूस आहे.

दादा वडिलांच्याही वरचढ निघाला. चोविसाव्या वर्षी तो मोठ्या मेळाव्यातल्या नांगरणीच्या स्पर्धेत उतरला. परीक्षकांनी त्याच्या तासाला दोरी लावली आणि दोरी कुठेच सुटेना. एका परीक्षकाने तर आधी दोरीच तपासली म्हणतात. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वडिलांनी ते स्वयंपाकघराच्या दारावर लावलं, आणि पुढे कित्येक महिने ते कुणी न विचारता किती वाजले ते मोठ्याने सांगत असत.

मेजर तेव्हा अठरा वर्षांचा. काठी रोवायचं काम त्याचं; स्पर्धेत तर ती त्याने हातातच उभी धरली होती. नांगर त्यालाही चांगला जमायचा, पण घड्याळवाल्या भावापुढे त्याच्या तासाकडे कोण बघतो? शेतात काम दोन माणसांचं, आणि हात तिघांचे. पुढल्या वर्षी सैन्यभरतीवाले आले तेव्हा तो रांगेत जाऊन उभा राहिला. दादाने बरंच समजावलं. "तिकडे जाऊन तू करणार काय?" त्याला वाटलं होतं बंदूक मिळेल. साहेबांनी विचारलं, शेतकरी का? जनावरं सांभाळता येतात? हा मोठ्या अभिमानाने हो म्हणाला, आणि त्यांनी त्याच्या हातात खेचराचा कासरा दिला. घर सोडून एवढ्या लांब गेला आणि शेवटी शेपटीमागेच चालायला लागला.

खेचराला तुकडीत सगळे मावशी म्हणत, कारण तिला कामाला लावायची कुणाची हिंमत नव्हती. फक्त त्याचं ऐकायची. लढाई पेटली तेव्हा दोघं चार महिने डोंगरात दारूगोळा वाहत होती. वर जाताना पेट्या, खाली येताना जखमी. तो तिच्या मानेशी तोंड नेऊन घरच्या गोष्टी सांगायचा: घड्याळाच्या, फडक्याच्या. एका सकाळी अरुंद वाटेवर गोळा फुटला. मावशी त्याच्या अंगावर कोसळली. सगळे तुकडे तिने घेतले आणि तिच्या वजनाखाली याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. गावात परतल्यावर त्याने लढाईच्या खूप गोष्टी सांगितल्या, काही तर घडलेल्यासुद्धा होत्या. मावशीची मात्र कधीच सांगितली नाही.

तो परतला तोवर वडील गेले होते. त्यांच्या आजारपणाचं पत्र त्याला इस्पितळात मिळालं होतं, उशिरा. घरात दादा, वहिनी आणि दारावरचं घड्याळ. तो गोठ्यात बसून राहायचा. ताट तसंच परत जायचं. चोवीस वर्षांचा माणूस, अंगणातून चालताना एका पायाचा ठसा खोल, दुसऱ्याचा उथळ. बैलांनाही आपली कीव येते आहे असं त्याला वाटे.

मग नांगरणीचा दिवस आला. दादाने बैल जुंपले, शेताच्या बांधावर आणले आणि नांगराचं रुमणं त्याच्यापुढे केलं.

"पहिलं तास तू काढ."

"पहिलं तास थोरल्याचं असतं, दादा."

"थोरला सांगतोय म्हणून काढ."

त्याने काढलं. आखूड पायामुळे अंगाचा सगळा भार रुमण्याच्या एका बाजूला पडत होता, हे त्याला तेव्हा कळलं नाही. पुढे फडकं आहे आणि आपण त्याच्याकडे चाललो आहोत एवढंच कळत होतं. पलीकडे पोचला तर फडकं उजवीकडे दहा हातांवर राहिलेलं. वळून बघायची हिंमत होईना. दादा मागून आला, कमरेवर हात ठेवून तासाकडे बघत राहिला आणि बैलाच्या कानामागे खाजवत म्हणाला, "बरं झालं. मी हेच म्हणत होतो. या जमिनीला वाकडंच तास पाहिजे. वाकडं तास पाणी धरतं."

"खरं?"

"मग? बाबांना सांगून थकलो. जुना माणूस, ऐकायचा नाही."

त्या दिवशी मेजर पोटभर जेवला.

पुढली तीस वर्षं पहिलं तास त्याचं. सकाळी तो नांगर धरायचा, दुपारनंतर दादा. लोक हसले; "सरळ घराण्यात वाकडं तास" ही म्हणच झाली. पीक मात्र चांगलं येत राहिलं, कारण दादा खताला आणि खुरपणीला मागे हटायचा नाही. शेजारच्या शेतकऱ्याला, ज्याला सगळे अर्धवकील म्हणत, वाटलं की यांना काहीतरी गुपित सापडलंय. त्याने आपल्या उताराच्या शेतात तशीच वाकडी तासं काढली, आणि पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी त्याच्या कांद्याच्या कोठारात शिरलं. एकदा शेतकी खात्याचे साहेब आले, जमीन बघून म्हणाले, "अहो, ही तर सपाट आहे." दादाने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. चहा निवतोय म्हणत हाताला धरून घरात नेलं.

हसण्यात मेजरही मागे नसायचा. चहाच्या दुकानात त्याचा ठरलेला विनोद होता. "आमचा दादा! मला वाकडं नांगरायला सांगून स्वतःची कला विसरला. घड्याळ मिळालं तेव्हा परीक्षकांना डुलकी लागली असणार." सगळे हसायचे. दादाही हसायचा. पुन्हा स्पर्धेत मात्र तो कधी उतरला नाही.

पंचावन्नाव्या वर्षी मेजरच्या पायाने दगा दिला आणि त्याने नांगर सोडला. त्याची बायको तोवर गेली होती, मुलगी लग्न होऊन दूर. तो बांधावर बसून देखरेख करू लागला. दादा एकटाच नांगरायचा, तरी तासं तशीच, त्याच बाकाची. मेजरला त्याचा केवढा अभिमान! दादा चालताना लंगडायला लागला होता. "वय झालं रे," म्हणायचा. आणि त्याला एक विचित्र खोड लागली होती: नांगरायच्या आधी डाव्या पायातली वहाण काढून बांधावर ठेवायची. उजवी पायातच. विचारलं तर म्हणायचा, "चावते." मेजरने दोनदा नवा जोड आणून दिला. दोन्ही वेळा डावीच चावली.

"तुझ्या डाव्या पायालाच नखरे फार," मेजर म्हणायचा, आणि ती एकटी वहाण दिवसभर त्याच्याशेजारी बांधावर पडलेली असायची.

असं ते सगळं होतं. त्यावर मेजरने मिशा पणाला लावल्या होत्या.

गहू निघाला. मळणी दोन्ही भागांची वेगवेगळी केली. मेजर संध्याकाळी खळ्यावर गेला तेव्हा पोती दोन थप्प्यांत रचलेली होती, दोन्ही बरोबरीच्या.

"सारखंच निघालं, काका," पुतण्या म्हणाला. "खरं सांगू? वाकड्यातला दाणा जरा टपोराच आहे. बाबा म्हणायचे ते काही अगदीच..."

बोलताना तो काकाकडे बघत नव्हता. ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटलेली माती नखाने काढत होता. मेजरला एकदम वाटलं, हे आपण आधी ऐकलंय. असाच आवाज. असंच दुसरीकडे बघणं. तेव्हा ट्रॅक्टर नव्हता, बैलाचा कान होता.

तो गोठ्याच्या मागे गेला. ताडपत्रीखाली सहा पोती लपवलेली होती. सरळ तासांच्या भागातली.

तिथून तो थेट घरात आला. वहिनी स्वयंपाकघरात घड्याळाखाली बसून लसूण सोलत होत्या. डोळ्यांना आता कमी दिसायचं, पण पावलं ओळखायच्या. याची तर कुणीही ओळखली असती.

"वहिनी, एक विचारू? खरं सांगा."

"चाळीस वर्षांनी विचारताय," त्या म्हणाल्या. लसणाची पाटी त्यांनी बाजूला सारली. "विचारा."

"जमिनीला वाकडं तास लागत होतं?"

"नाही, भाऊजी."

"मग मला असं फसवायची काय गरज होती? मी काय लहान होतो? लढाई बघून आलेला माणूस मी! तास वाकडं आलं असतं तर वाकडं म्हणायचं!" त्याचा आवाज चढला. त्याला खरंच राग आला होता. "सगळ्या गावापुढे मी काय काय बडबडलो!"

वहिनींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "परत आलात त्या महिन्यात तुम्ही दोनदा विहिरीवर गेला होतात. बादली न घेता."

मेजर खाली बसला. ते कुणी पाहिलंय हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

"हे दोन्ही वेळा गोठ्याच्या कोपऱ्याआड उभे होते. हाक मारावी तर तुम्हाला लाज वाटेल, न मारावी तर... नांगरणीपर्यंत झोपले नाहीत. आणि त्या दिवशी तुम्ही जेवलात. रात्री मला म्हणाले, आता मरेपर्यंत तास वाकडं. कुणाला काही बोलू नकोस."

"पण वहिनी, मी नांगर सोडला त्यानंतरसुद्धा? पुढली दहा वर्षं तर एकटाच होता ना?"

"एकट्याने सरळ काढलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं का, आधीची कुणामुळे वाकडी होती ते?" त्या किंचित हसल्या. "त्यांना वाकडं जमेचना, भाऊजी. हातच सरळ. पहिल्या वर्षी मुद्दाम वाकवायला गेले तर सापासारखं नागमोडी झालं. पहाटे उठून पुन्हा नांगरलं, तुम्ही यायच्या आत. मग एक युक्ती काढली."

त्यांनी उठून फडताळाच्या खालच्या कप्प्यातून वहाणांचा जोड काढला. मेजरनेच आणलेला, दुसऱ्या वेळचा. डावी जवळजवळ नवी होती. उजव्या वहाणेला मोच्याकडून आणखी दोन तळ ठोकून घेतलेले होते, एकावर एक, चांगले दोन बोटं जाड.

"डावी काढली आणि ही घातली की तुमच्यासारखं चालता यायचं. मग हात आपोआप कलायचा."

मेजरने ती वहाण हातात घेतली. बांधावर बसून आपण काय काय बोललो ते सगळं त्याला आठवलं. डाव्या पायाचे नखरे. परीक्षकांची डुलकी. त्या अनवाणी टाचेला भेगा पडल्या होत्या, त्यात माती भरायची, आणि दादा संध्याकाळी कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचा. तेव्हाही आपण हसलो होतो. तो वहिनींसमोर लहान मुलासारखा रडला. बायको गेली तेव्हाही इतका रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिशा नव्हत्या.

पुतण्याने पाहिलं आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. "काका! अहो सारखंच निघालं होतं म्हणालो ना मी!"

"ताडपत्री नीट झाकत जा," मेजर म्हणाला आणि चहाच्या दुकानाकडे निघाला.

तिथे हलकल्लोळ झाला. चाळीस वर्षांच्या मिशा! म्हातारा अर्धवकील तर पाच मिनिटं ओळखेचना. कुणी म्हणालं घरात वाईट बातमी काय, कुणी म्हणालं मेजर लग्नाला उभा राहतोय. मेजरने सगळ्यांना हसू दिलं. मग उभ्या उभ्याच सांगितलं. "दादाचं तास सरळच होतं. वाकडं माझं होतं. माझा पाय दिसू नये म्हणून तो वाकडा चालला." कुणी हसलं नाही. तेवढ्यात नवं गिऱ्हाईक आलं, त्याने मिशांचं विचारलं, मेजरने त्यालाही तेच सांगितलं. तो दिवसभर तिथे बसला. येणाऱ्या प्रत्येकाला, त्याच शब्दांत. जितक्या जणांपुढे विनोद केला होता, त्यांतले जेवढे जिवंत होते तेवढ्यांना तरी.

नांगरणीचा दिवस पुन्हा आला. पुतण्याने ट्रॅक्टर बांधावर आणून उभा केला आणि खाली उतरला.

"काका, बाबा जाताना सांगून गेलेत. पहिलं तास काकाचं. या, शेजारी बसा, स्टिअरिंगला हात लावा. कसं म्हणाल तसं वाकवतो."

"पहिलं तास थोरल्याचं," मेजर म्हणाला. "तो नाही, तर त्याच्या मुलाचं. आणि सरळ काढ."

"मग काठी रोवून येतो."

"ते काम माझं आहे. अठराव्या वर्षापासून."

पांढरं फडकं बांधलेली काठी खांद्यावर टाकून तो शेत आडवं चालत गेला. ढेकळांतून, दर दहा पावलांवर थांबत. पुतण्या इंजिन बंद करून वाट बघत राहिला. त्या घाईच्या माणसाने एकदाही हॉर्न वाजवला नाही. पलीकडच्या बांधावर पोचल्यावर मेजरने काठी रोवली नाही. ती हातात उभी धरून, स्पर्धेत दादाची काठी जशी धरली होती तशी, तो स्वतःच तिथे उभा राहिला.

ट्रॅक्टर निघाला. आवाज मोठा होत गेला. काठी हलली नाही. पुतण्या त्याच्या पुढ्यात दोन हातांवर येऊन थांबला, तेव्हा मेजरने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. तास विहिरीच्या बांधापासून त्याच्या पायापर्यंत आलं होतं. दोरी लावली असती तर कुठेच सुटली नसती.

"बरोबर आलंय का, काका?"

"तुझ्या बापासारखं आलंय," मेजर म्हणाला. मग तो बांधावर बसला आणि म्हणाला, "चल, दुसरं घे. मी आहे इथे."